एका वर्षाची मोहलत : प्रस्तावना

लंडनच्या वायव्येस कोल्न नदीच्या काठी वसलेल्या, एके काळी मद्याच्या भट्ट्यांसाठी आणि पुढे विसाव्या शतकात प्रचंड छापखान्यांसाठी नावाजलेल्या वॉटफर्ड शहराच्या ऐन मध्यभागी, बाजारपेठेच्या गजबजाटाला अगदी खेटून, सेंट मेरीचे तेराव्या शतकातील चर्च उभे आहे. आणि त्या चर्चच्या आवारातील एका जुन्या थडग्याविषयी या गावात जी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, तिच्यापासून या प्रस्तावनेचा आरंभ करणे मला उचित वाटते. ईश्वर नाही आणि मरणोत्तर जीवनही नाही, अशी खात्री बाळगणारी एक स्त्री मृत्युशय्येवर म्हणाली म्हणे, की ईश्वर असलाच तर माझ्या थडग्यातून अंजिराचे झाड उगवू दे. कोणी सांगतात, की दफनाच्या वेळी आपल्या हाती एक अंजीर ठेवावे असे तिनेच बजावून ठेवले होते. पाठभेद पुष्कळ आहेत. परंतु थडग्यातून अंजिराचे झाड खरोखरीच वर आले होते एवढे निर्विवाद, आणि व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत ते पाहण्यासाठी दूरदूरची माणसे वॉटफर्डला येत असत. १९६२-६३ च्या हिवाळ्यात, इंग्लंडने कित्येक पिढ्यांत पाहिली नव्हती अशी थंडी पडली, तीत ते झाड मेले.

ज्यांनी ही कथा रचली आणि सांगितली त्यांचा हेतू श्रद्धा दृढ करण्याचाच असणार, यात मला शंका नाही. तथापि माणसाने आव्हान द्यावे आणि ईश्वराने झाड उगवून त्याचे उत्तर द्यावे, हा ज्या श्रद्धेचा आधार, ती श्रद्धा त्या झाडाच्याच आयुष्याला बांधलेली राहते. कडाक्याचा एक हिवाळा आला, की पुरावा गेला आणि पुराव्याबरोबर श्रद्धाही गेली. नव्या वर्षात प्रवेश करताना आपल्यांपैकी कितीएक जण मनोमन असेच काही मागत असतात: नोकरी टिकू दे, व्हिसाची मुदत वाढू दे, मुलीची परीक्षा सुटू दे, म्हणजे मग मी मानीन. मागणे वाईट नव्हे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर मागितलेलीच आहे. परंतु मागणे आणि मानणे यांच्यामध्ये अशी अट घातली गेली, की उपकारस्तुतीचे रूपांतर पावतीत होते, आणि ज्या वर्षी माल पोहोचला नाही त्या वर्षी पावतीही फाडली जात नाही.

वॉटफर्डच्या झाडाहून निराळे असे अंजिराचे एक झाड लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे, आणि नववर्षाच्या संदर्भात ख्रिस्ती माणसाने ज्याच्याकडे वळावे असे मला मनापासून वाटते, ते हे दुसरे झाड होय. प्रसंग असा आहे, की काही लोक येशूकडे येऊन एक भयानक वार्ता सांगतात: पिलाताने काही गालीली माणसांची कत्तल केली, आणि तीही ते यज्ञ करीत असताना. येशू त्यात दुसऱ्या वार्तेची भर घालतो: शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दडपून मेली. जे मेले ते उरलेल्यांहून अधिक पापी होते असे तुम्हांस वाटते काय, हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. ही गोष्ट ध्यानात घेऊनच पुढचा दृष्टांत वाचला पाहिजे. तो एरवी इतक्या घाईने वाचला जातो, की त्याच्या पायाशी पडलेली ही अठरा प्रेते कोणास दिसत नाहीत. एका गृहस्थाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड होते; तीन वर्षे तो फळ पाहावयास आला, मिळाले नाही; तेव्हा जमीन उगाच का अडवून ठेवायची, तोडून टाक, असा हुकूम त्याने मळेकऱ्यास दिला. मळेकऱ्याने रदबदली केली: एवढे साल जाऊ द्या, मी याच्या भोवताली खणीन, खत घालीन, मग फळ आले तर बरेच झाले, नाही तर तोडा. दृष्टांत येथेच संपतो. पुढच्या साली अंजीर धरले की नाही, हे लूकने लिहिलेले नाही.

जो मेला तो अधिक पापी नव्हता, त्याअर्थी जो वाचला तोही अधिक पुण्यवान नव्हे; आणि ज्या वर्षात आपण आज पाऊल टाकीत आहो ते वर्ष आपल्या गुणांवर मंजूर झालेले नसून कोणा दुसऱ्याच्या रदबदलीवर मिळालेली मोहलत आहे, ही या प्रकरणाची शिकवण मला दिसते. झाडाने स्वतः काही मागितलेले नाही. झाडाला तर आपल्याविषयी काय बोलणे चालले आहे याची खबरही नाही. ख्रिस्ती श्रद्धेने त्या मळेकऱ्याच्या ठायी ख्रिस्तालाच ओळखले, आणि म्हणून ख्रिस्ती माणसाची नववर्षाची कृतज्ञता ही गेल्या साली हाती काय आले याच्या हिशेबावर अवलंबून राहत नाही. ज्याला फळ आलेले नाही, त्यालाही ती व्यक्त करता येते. किंबहुना त्यालाच ती अधिक सखोलपणे व्यक्त करता येते.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या दप्तरांतून हिंडलेल्या माणसाला ठाऊक असते, की दुष्काळाने वा लष्कराच्या धामधुमीने गाव ओस पडले, जमिनी पडीक झाल्या, म्हणजे रयत पुन्हा यावी आणि लावणी व्हावी म्हणून सरकारातून कौल दिला जात असे. आणि तो कौल इस्ताव्याचा असला, तर पहिल्या साली वसूल अगदी अल्प, दुसऱ्या साली थोडा अधिक, असे करीत करीत कित्येक सालांनी जमीन पुऱ्या आकारावर येई. ज्या कुणब्याच्या हाती असा कौलनामा पडे, त्याच्याजवळ त्या क्षणी दाखवण्यासारखे पीक काहीच नसे, बहुधा बैलही उसने असत. तरी तो तो कागद कपाळाला लावी आणि दुसऱ्या दिवशी कुळव धरी. त्याने कपाळाला लावलेला कागद ही कृतज्ञता, आणि धरलेला कुळव ही श्रद्धा. कौल घेऊन घरी निजून राहणाऱ्याला सरकारचा उपकार समजला असे कोणी म्हणणार नाही, आणि कौल नसताना सरकारी पडीक नांगरू जाणाऱ्याला धीर तरी कोठून येणार?

प्रस्तुत संग्रहाचे स्वरूप आता सांगावयास हवे. वॉटफर्ड आणि त्याच्या आसपासच्या हर्टफर्डशायरमधील गावांत स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत सरत्या वर्षाच्या रात्री दिलेल्या साक्षी, केलेल्या प्रार्थना आणि लिहिलेली टिपणे या पानांत एकत्र केली आहेत. लिहिणारी माणसे अहमदनगरची आहेत, पुण्याची आहेत, मिरजेची, जालन्याची आणि वसईची आहेत. कोणी इस्पितळात आहेत, कोणी शाळेत, कोणी रेल्वेत, कोणी हिशेबनिसाच्या कचेरीत. रविवारी ती गावातील इंग्रजी मंडळ्यांत उपासनेला जातात आणि तेथे मन लावून गातात. परंतु वर्षाच्या शेवटच्या रात्री बहुतेकांची पावले कोणातरी एका घराकडे वळतात, जेथे ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची पाने सुटलेली प्रत असते, कोणीतरी पेटी काढतो, आणि नाताळच्या फराळातील उरलेल्या करंज्या व चकल्या डब्यातून ताटात येतात. मग एकेक जण उभा राहून साक्ष देतो. नगरच्या वा पुण्याच्या मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्री जे चालते तेच येथे लहान प्रमाणावर चालते, एवढाच फरक की येथे पाळकसाहेब पाच मिनिटांनी घड्याळाकडे पाहत नाहीत, आणि त्यामुळे साक्षी अंमळ लांबतात. त्या लांबल्या हे चांगलेच झाले. या संग्रहातील उत्तम मजकूर त्या लांबण्यातून आला आहे.

रात्र जागवून वर्षाचे स्वागत करण्याची ही रीत ज्या देशात आज ही कुटुंबे राहतात त्या देशाशी जवळून निगडित आहे. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन बंधूंची प्रथा मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या अनुयायांनी उचलली ती ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथील कोळशाच्या खाणीतील मजुरांमुळे. जी माणसे पूर्वी शनिवारची रात्र गुत्त्यात घालवीत, ती आता रात्रभर प्रार्थना करू लागली. वेस्लीने त्या प्रथेला उत्तेजन देऊन पौर्णिमेच्या जवळची रात्र मुक्रर केली, ती एवढ्यासाठी की लोकांना चांदण्यात घरी चालत जाता यावे. धर्माच्या इतिहासात अशा व्यवहारी माया असलेल्या योजना मला फार मोलाच्या वाटतात. पुढे १७५५ च्या ऑगस्टमध्ये, लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील फ्रेंच चर्चमध्ये, त्याने ईश्वराशी करार नव्याने करण्याची उपासना प्रथम चालवली. अठराशे लोक त्या दिवशी उभे राहिले असे त्याने नमूद केले आहे. हीच उपासना कालांतराने नव्या वर्षाशी जोडली गेली, आणि आजही मेथडिस्ट मंडळ्या ती वर्षारंभी करतात. तिचा आशय कठोर आहे: मला कामास लाव किंवा बाजूस ठेव, मला भरून टाक किंवा रिता कर, मी आता माझा नाही. नववर्षाचे संकल्प म्हणून लोक जे काही लिहितात, त्यांत माणूस स्वतःकडून काय काय करून घेणार याची यादी असते. या करारात मात्र माणूस आपल्या वर्षाची सनदच परत करतो.

येथे थोडे विषयांतर करतो. १ जानेवारी हा वर्षारंभ इंग्लंडात कायद्याने मान्य झाला तो १७५२ साली. तोपर्यंत तेथील सरकारी वर्ष २५ मार्चला, म्हणजे देवदूताने मरियेस दिलेल्या निरोपाच्या सणास, सुरू होत असे. त्याच साली सप्टेंबरातील अकरा दिवस गाळण्यात आले आणि २ तारखेनंतर एकदम १४ तारीख उजाडली. इंग्लंडातील करवसुलीचे वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते, त्याचे मूळ या फेरफारात आहे. आपल्याकडे पाडवा, फसली साल आणि इंग्रजी साल ही तिन्ही एका घरात सुखाने नांदली, आणि उपासनेच्या पंचांगाप्रमाणे तर ख्रिस्ती वर्ष नाताळाच्याही आधी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी लागते. तेव्हा १ जानेवारीच्या अंगी स्वतःचे असे काही पावित्र्य नाही. मोहलतीला तारीख असावी लागते म्हणून ती तारीख. आणि माणसाने वर्षातून एकदा तरी आपला ताळेबंद दुसऱ्याच्या प्रकाशात पाहावा, ही सोय त्या तारखेने होते.

आता ज्या मुद्द्यावर मला अधिक रेंगाळावेसे वाटते त्याकडे येतो. सेंट मेरीच्या त्याच आवारात जॉर्ज एडवर्ड डोनी या माणसाचे थडगे आहे. हा आफ्रिकेतील गँबियाचा. लहानपणीच पकडून गुलाम म्हणून विकला गेला, पुढे इंग्लंडात आला, आणि वॉटफर्डलगतच्या कॅसिओबरी येथील अर्ल ऑफ एसेक्स यांच्या पदरी दीर्घकाळ नोकरी करून १८०९ साली वारला. त्याच्या शिलेवर पद्य कोरलेले आहे, आणि त्या पद्यात, ज्या जहाजाने आपणांस पळवून आणले त्या जहाजालाही त्याने दुवा दिला, अशा आशयाचे कृतज्ञतेचे उद्गार त्याच्या नावावर घातले आहेत. डोनी स्वतः काय म्हणाला असता हे त्या शिलेवर नाही. मी त्या शिलेसमोर उभा राहतो तेव्हा मला संताप येतो, आणि तो संताप अख्रिस्ती आहे असे मी मानीत नाही. कृतज्ञता ही एकच वस्तू अशी आहे, की जी दुसऱ्याने आपल्या नावावर लिहिली तर खोटी होते. आणि जो मालक ती चाकराकडून वदवून घेतो, तो ईश्वराला मिळावयाचा मान मध्येच हडप करतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्या ३१ डिसेंबर १८६२ ची रात्र जागत बसल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी लिंकनचा दास्यमुक्तीचा जाहीरनामा अमलात यावयाचा होता. तेथे कोणी कोणाच्या वतीने आभार लिहीत नव्हते. माणसे स्वतः गुडघ्यांवर होती.

आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. दुष्काळात धान्यासाठी धर्म सोडला, हा टोमणा आमच्या पणजोबांनी एका बाजूने ऐकला, आणि मिशनचे उपकार विसरू नका, ही ताकीद दुसऱ्या बाजूने ऐकली. १८९९-१९०० च्या दुष्काळात ज्यांना अन्न मिळाले त्यांनी ते खाल्ले, यात लाजण्यासारखे काही नाही. ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते त्याने आपल्याला माणूस म्हणून हाक मारणाऱ्याकडे वळून पाहिले, यात तर नाहीच नाही. परंतु त्या माणसांची उपकारस्तुती कोणाच्या खात्यावर जमा व्हावी हे ठरवण्याचा अधिकार ना टोमणा मारणाऱ्याला होता, ना ताकीद देणाऱ्याला. आमच्या परंपरेतील थोर माणसांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली. पंडिता रमाबाई १८८३ साली वाँटेज येथे, सेंट मेरी भगिनीसंघाच्या छत्राखाली, आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा पावल्या. त्या भगिनींचे, विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांचे, ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. परंतु एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवून ठेवल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेण्यास त्यांनी पत्रांतून स्वच्छ नकार दिला, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत का नसावे, असेही विचारले. पंचविशीतील, परदेशात परावलंबी असलेल्या, पदरी लहान मूल असलेल्या विधवेने हे लिहावे, यातील धैर्याचा अंदाज आजच्या वाचकाने आपल्या मनाशी करून पाहावा. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ उभारण्यास निघाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. ऋण कोणाचे किती आणि ते कोणत्या भाषेत फेडायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले.

उलट दिशेने झालेल्या प्रवासाचाही येथे उल्लेख असावा. विल्टशायरमध्ये जन्मलेले टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले, साष्टीत राहिले, मराठी शिकले, तिच्यावर लुब्ध झाले आणि १६१६ साली ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापून गेले. इंग्लंडातील एका दिवाणखान्यात मराठी माणसे मराठीतून वर्षाचे आभार मानतात तेव्हा ती काही आगंतुक गोष्ट घडत नसते. या देशाचा एक पुत्र चारशे वर्षांपूर्वीच या भाषेत प्रार्थना करून गेला आहे.

वसईच्या कुटुंबांतील लेखन या संग्रहात थोडे आहे, पण त्याची घडण वेगळी असल्याने दोन शब्द सांगतो. कॅथलिक परंपरेत ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी ‘ते देऊम’ हे प्राचीन स्तुतिगान म्हणण्याचा प्रघात आहे आणि १ जानेवारी हा देवमाता मरियेचा सण. त्यामुळे तेथे व्यक्तिगत साक्षीपेक्षा सामुदायिक स्तुतीला अधिक स्थान आहे. वॉटफर्डचे होली रूड हे चर्च, जे लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलचा वास्तुशिल्पी जॉन फ्रान्सिस बेंटली यानेच बांधले, त्याच्या भव्य कमानींखाली गायलेले गान आणि वसईच्या गावदेवळात गायलेले गान यांची तुलना एका लेखिकेने केली आहे, ती वाचनीय आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ची प्रत तिच्या घरी कायम उघडी असते, असे ती लिहिते.

संग्रहातील एका लेखावर मात्र मला अधिक बोलले पाहिजे. लेखिका मिरजेला परिचारिकेचे शिक्षण घेतलेली आणि वॉटफर्ड जनरल इस्पितळात काम करणारी आहे. २०२० च्या ३१ डिसेंबरला तिची रात्रपाळी होती. बारा वाजले तेव्हा ती एका वृद्ध रोग्याच्या बोटाला लावलेला प्राणवायू मोजण्याचा चिमटा सरकला होता तो नीट बसवीत होती; हातमोजे दुहेरी असल्याने तो चटकन बसेना, आणि तेवढ्यात खिडकीबाहेर कोठेतरी फटाके वाजले. शेजारची खाट संध्याकाळी रिकामी झाली होती व तिच्यावरची चादर अजून घातली नव्हती. सकाळी पाळी संपल्यावर ती व्हिकरेज रोडने फुटबॉलच्या मैदानाला वळसा घालून घरी गेली. तिच्या वाटणीच्या करंज्या आणि वर्षाच्या वचनाचे कार्ड घरच्यांनी ताटलीत झाकून ठेवले होते. घरातील सर्वांनी रात्री आभार मानले होते, की देवाने आम्हांला या साथीत राखले. ‘मला तसे म्हणता येईना,’ असे ती लिहिते. आम्हांला राखले म्हणावे तर त्या खाटेवरच्या माणसाला काय केले म्हणावे, असे तिला वाटत होते. पुढे कित्येक आठवडे तिने प्रार्थना केली ती केवळ नावांची: ज्यांची ज्यांची नावे त्या रात्रीच्या तक्त्यावर होती त्यांची, मेलेल्यांची आणि जिवंतांची, एकामागून एक.

हा लेख काही वाचकांना श्रद्धेच्या उणिवेचा वाटेल. संपादनाच्या बैठकीत तसा सूर निघालाही. मला तो या संग्रहातील सर्वांत श्रद्धाळू लेख वाटतो, आणि तो ग्रथित झालाच पाहिजे असा आग्रह मी धरला. कारण शिलोहाच्या बुरुजाविषयी येशूने जे सांगितले, ते या बाईने कोणतेही भाष्य न वाचता, दोन खाटांच्या मध्ये उभे राहून ओळखले. वाचलेला तो अधिक लायक, हे गृहीत धरून केलेले आभारप्रदर्शन तिच्या ओठांवर येईना, ही तिच्या अंतःकरणाची सत्यता आहे. आणि आभाराचे शब्द सापडत नव्हते तेव्हा तिने जे केले ते मळेकऱ्याचेच काम होते: दुसऱ्यासाठी मुदत मागणे. पंडिता रमाबाईंच्या अखेरच्या वर्षाशी या लेखाचे नाते मला जाणवते. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक कन्या, रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्तिसदनाचा सारा भविष्यकाळ जिच्यावर अवलंबून, ती आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, १९२२ च्या एप्रिलात निवर्तल्या. परंतु मधल्या महिन्यांत मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलचे काम त्यांनी सोडले नाही, आणि केडगावच्या छापखान्यात, ज्या स्त्रियांना त्यांनी आसरा देऊन खिळे जुळवण्यास शिकवले होते त्यांच्या हातून, ते बायबल १९२४ साली बाहेर पडले. मिळालेल्या मोहलतीत झाडाच्या मुळाशी खणत राहणे ते हेच.

नववर्षाच्या उपासनेत एबनेजरच्या शिळेचा दाखला वारंवार येतो, आणि नगरकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांच्या दारावर ते नाव कोरलेले आढळते. या संग्रहातही चौघांनी तो दाखला घेतला आहे. पलिष्ट्यांवर जय मिळाल्यावर शमुवेलाने मिस्पाच्या परिसरात दगड उभा केला आणि परमेश्वराने इथपर्यंत आपल्याला साहाय्य केले असे म्हणून त्याचे नाव ठेवले, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याच ग्रंथात तीन अध्याय मागे गेल्यास आढळते, की एबनेजर या नावाशी इस्राएलाचा घोर पराभव निगडित आहे. तेथेच छावणी पडली असताना सैन्य मोडले, कराराचा कोश शत्रूच्या हाती गेला आणि ती बातमी ऐकून वृद्ध एली आसनावरून पडून मेला. आभाराच्या दगडाला पराभवाचे नाव मिळाले आहे. आपल्या घरावर ते नाव घालणाऱ्या आजोबांना हे माहीत होते की नव्हते याने फरक पडत नाही. त्यांच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी होत्या, आणि घर त्यांनी तरीही बांधले.

संग्रहातील भाषा मुद्दाम जशीच्या तशी ठेवली आहे. काहींची मराठी बायबलच्या वळणाची आहे, काहींची नगरी बोलीची, तरुणांची पुष्कळशी इंग्रजीमिश्रित. शुद्धलेखनापलीकडे तिला हात लावलेला नाही, कारण साक्ष सुधारली की ती साक्ष देणाऱ्याची राहत नाही. लेखांचा क्रमही कालानुसार आहे, योग्यतेनुसार नाही. पहिला लेख एका निवृत्त हिशेबनिसाचा, ज्यांनी वर्षानुवर्षे जमाखर्चाच्या वहीत डाव्या पानावर पैसे आणि उजव्या पानावर दुसऱ्यांसाठी मागितलेल्या गोष्टी टिपून ठेवल्या, आणि ३१ डिसेंबरला दोन्ही बाजूंची बाकी पुढे ओढली. उजव्या पानावरची काही मागणी वीस वीस वर्षे पुढे ओढलेली आहे आणि अजून खोडलेली नाही. ज्यांना एकाच बैठकीत सर्व वाचणे जमणार नाही त्यांनी हा लेख आणि परिचारिकेचा लेख लागोपाठ वाचावेत, असे सुचवतो. येथील पुष्कळ घरांतील मुलांना मराठी समजते पण देवनागरी वाचता येत नाही. अशा घरी वडीलधाऱ्यांनी ही पाने मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि जेथे लिहिणाऱ्याशी कोणाचा मतभेद होईल तेथे पुस्तक मिटून आधी बोलून घ्यावे. साक्षीच्या रात्री आमच्याकडे हेच चालत आलेले आहे.